तोंडात गोटा, गळ्यात माळ

एका जंगलात, बाळांनो, बोलणारे पुष्कळ होते आणि ऐकणारं कुणी नव्हतं. हसू नका. तुमच्या घरी तरी काय वेगळं आहे?

माकडं सगळी एकदम बोलायची. रानकोंबड्या पहाटे सुरू व्हायच्या त्या दुपारी थांबायच्या. कोल्हा आपलं म्हणणं संपवायचा आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत चालता व्हायचा.

त्या जंगलात एक धनेश राहायचा. धनेश म्हणजे तो करडा पक्षी, मोठ्या बाकदार चोचीचा. चोच एवढी मोठी, पण तिच्यातून शब्द निघेल तर शपथ. भारी भिडस्त. फांदीवर कुणी आधीच बसलेलं असेल तर हा आपला दुसऱ्या झाडावर जायचा, आणि वर त्यालाच "माफ करा हं" म्हणायचा.

आता धनेशांच्या घरची एक रीत आहे, ती आधी ऐका. बायकोला अंडी घालायची वेळ आली की ती झाडाच्या ढोलीत जाऊन बसते. मग ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकतात. चिखलात आणखी काय काय मिसळतात ते विचारू नका, जेवायची वेळ आहे. एक बारीकशी फट तेवढी ठेवायची. नवऱ्याने बाहेरून फळं आणायची आणि फटीतून भरवायची. आत बायकोची पिसं झडतात, तिला उडता येत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आतच.

आणि ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही. नजर लागते. खाली कुणी परकं आलं तर आतून चकार शब्द काढायचा नाही.

तर धनेशाची बायको एका बेहड्याच्या झाडात होती, दोन पिल्लांसकट. उन्हाळ्याचे दिवस. बेहड्याची पानं झडून गेलेली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, झाड वाळलंय.

"अहो," आतून दबका आवाज यायचा, "आज पण उंबरंच?"

"अगं, उंबरं चांगली पिकलीत."

"मी काल काय सांगितलं होतं?"

धनेश आठवून बघायचा. काही आठवायचं नाही.

"सरडा आणा म्हटलं होतं. बारीकसा. पोरांना ताकद नको? तुम्ही ऐकतच नाही मेलं माझं. मी काय भिंतीशी बोलते?"

तशी ती भिंतीशीच बोलत होती. पण हे धनेश बोलला नाही. भिडस्त होता.

शेजारच्या जांभळीवर शेकरूकाकू राहायच्या. शेकरू म्हणजे मोठी खार. तांबूस अंग, झुपकेदार शेपटी, आणि कान असे टवकारलेले की तीन झाडांपलीकडचं ऐकू यावं. कुणाकडे पाहुणे आले, कोण किती दिवस राहिलं, जाताना काय घेऊन गेलं, सगळं काकूंना पाठ. वाईट नव्हत्या हो. जीव लावायच्या. फक्त विचारायच्या फार.

"काय रे धनेशा, बायको दिसत नाही तुझी?"

"माहेरी गेलीय, काकू."

"इतके दिवस? भांडलात का?"

"नाही हो."

"मग तोंड भरून जातोस आणि रिकामा येतोस, ते कुणासाठी?"

"काही नाही, सहज."

अकरा वेळा विचारून काकूंना उत्तर मिळेना. तेव्हा त्यांनी स्वतःच एक उत्तर तयार केलं आणि वाटून टाकलं. धनेशाची बायको त्याला सोडून गेली. बिचारा वेड्यासारखा त्या वठलेल्या बेहड्याला फळं चारतो.

सगळ्या जंगलाला वाईट वाटलं. बेहड्याच्या फटीतून धनेशिणीनेही ते ऐकलं आणि ती अशी काही चिडली की दोन दिवस उंबरं परत बाहेर येत होती.

अशात जंगलात पोपटसर आले.

पोपटसर शहरातून आले होते. तिथल्या एका मोठ्या प्रशिक्षण केंद्रात त्यांनी अकरा वर्षं काढली होती. बाहेरच्या खोलीत, पिंजऱ्यात. रोज तीच व्याख्यानं ऐकून ऐकून त्यांची तोंडपाठ झाली. एके दिवशी शिपाई पिंजऱ्याचं दार लावायला विसरला आणि जंगलाला मार्गदर्शक मिळाला.

सर वाघमहाराजांना भेटले. "महाराज, आपल्या राज्यात संवाद नाही," सर म्हणाले.

"नाही कसा? मी डरकाळी फोडतो, बाकीचे पळतात. दोघांनाही कळतं."

"तो संवाद नव्हे, महाराज. प्रजेला वाटलं पाहिजे, की आपलं ऐकलं गेलं."

"ऐकलं की मग काहीतरी करावं लागतं हो," महाराज कंटाळून म्हणाले. "म्हणून तर मी ऐकत नाही."

"अजिबात करावं लागत नाही!" सर म्हणाले. "नीट ऐकता आलं, तर पुढे काहीच करावं लागत नाही."

महाराज उठून बसले. दुसऱ्याच दिवशी वडाखाली वर्ग सुरू झाला.

"चार नियम," पोपटसर म्हणाले. "समोरच्याच्या डोळ्यांत बघा. मान हलवा. मध्ये बोलू नका. आणि त्याचं बोलून झालं की, तो जे म्हणाला तेच त्याला गोड शब्दांत परत सांगा."

"आणि मग?" शेकरूकाकूंनी विचारलं.

"मग काही नाही."

"म्हणजे काम कोण करायचं?"

"ताई, नियम तीन," सर म्हणाले. "मध्ये बोलू नका."

मध्ये बोलायची खोड जावी म्हणून सरांनी प्रत्येकाला नदीतला एकेक गोल गोटा दिला. समोरचा बोलायला लागला की गोटा तोंडात ठेवायचा. त्याचं संपेपर्यंत काढायचा नाही. मग फक्त नियम चारपुरता काढायचा.

मग जोड्या केल्या. काकूंच्या वाट्याला साळिंदर आलं. साळिंदर म्हणालं, "काल माझ्या पायात काटा..."

काकूंनी गोटा थुंकला. "तुझ्या पायात काटा? तुझाच का कुणाचा? कुठे, उजव्या का डाव्या? दाखव बघू. हळद लावलीस का?"

काकूंना वर्गातून काढून टाकण्यात आलं. त्या वर जाऊन फांदीवर बसल्या आणि तिथून पुढचा सगळा वर्ग त्यांनी फुकट ऐकला.

बाकी सगळे पास झाले. प्रत्येकाच्या गळ्यात लाल गुंजांची माळ पडली. माळ असेल तो उत्तम श्रोता. आपला धनेशही पास झाला, आणि पहिल्या नंबराने. त्याला तर गोट्याचीही गरज नव्हती. पण नियम म्हणून त्याने तो चोचीत धरला होता.

माळ घालून तो घरी गेला. बायकोने दिवसभराचं गाऱ्हाणं सुरू केलं. धनेश फटीतून तिच्या डोळ्यांत बघत राहिला. मान हलवली. मग गोटा काढून म्हणाला, "म्हणजे आत उकडतं, पोरं अंगावर नाचतात, आणि तुला फार एकटं वाटतं."

आतून चोच फटीला येऊन टेकली.

"अगंबाई," धनेशीण हळूच म्हणाली. "लग्नाला सहा वर्षं झाली. आज पहिल्यांदा ऐकलंत हो माझं."

दोन दिवस असे गोडीत गेले. सरडा मात्र अजून आला नव्हता. उलट एकदा घाईत धनेशाने उंबराऐवजी गोटाच आत दिला. "दात नाहीत म्हणून वाचले!" बायको म्हणाली, पण हसत म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती हसत नव्हती.

"अहो, आज कुणीतरी झाडाला धडका देत होतं."

धनेशाने मान हलवली.

"सगळी ढोली हलली. पोरं घाबरून माझ्या पोटाखाली शिरली. मी रितीप्रमाणे गप्प बसले."

धनेशाने आणखी मनापासून मान हलवली. गोटा काढला. "म्हणजे झाड हललं, आणि तुला भीती वाटली."

"हो."

"मला तुझी भीती समजते."

"समजते ना? मग खाली जाऊन बघा की, कोण होतं ते!"

नियम चारच्या पुढे काही असतं, हे धनेश विसरूनच गेला होता. तो खाली उतरला. बेहड्याच्या बुंध्यावर चुन्याची ही मोठी फुली मारलेली होती. शेजारच्या वारुळावर सूचना चिकटवली होती: जंगलात श्रवणोत्सव होणार. उत्सवासाठी भव्य मंच उभारणार. त्यासाठी हे वठलेलं झाड परवा सकाळी पाडणार. पाडण्याचं काम रानगव्यांकडे.

ढोलीत बायको. तिला पंख नाहीत. पोरांना तर अजून पिसंही नाहीत. झाड पडलं की तिघंही गेली.

तो तडक गव्यांच्या मुकादमाकडे गेला. मुकादम म्हणजे केवढा थोरला गवा! त्याने धनेशाला बघताच गोटा तोंडात टाकला आणि डोळ्यांत डोळे घातले.

आता बाळांनो, धनेशाने काय सांगायला हवं होतं? माझी बायको आत आहे, एवढंच ना? पण ती रीत आडवी आली. घरातलं बाहेर बोलायचं कसं? त्याने घसा साफ केला. उन्हाळ्याबद्दल चार शब्द बोलला. मग म्हणाला, "मुकादम, ते बेहड्याचं झाड... त्या झाडात माझं सगळं आहे हो."

मुकादमाने मान हलवली.

"ते पडलं तर मी कुठला राहतो!"

मुकादमाच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको सोडून गेलेला हा गरीब पक्षी, आता झाडावर माया करतो! त्याने गोटा काढला. "म्हणजे त्या झाडात तुझं सगळं आहे, आणि ते पडलं तर तुला दुःख होईल."

"हो! अगदी बरोबर!" धनेशाला भरून आलं.

मुकादमाने त्याला हलकेच शिंगाने थोपटलं. फार छान वाटलं.

मग धनेश वाघमहाराजांकडे गेला. महाराजांनी स्वतः गोटा तोंडात घेतला. ज्या तोंडात हरणं जायची, त्या तोंडात गोटा! महाराजांनी सगळं ऐकलं आणि कारभारी कोल्ह्याने पानावर लिहिलं, "अर्जदाराचं म्हणणं पूर्णपणे ऐकून घेतलं." त्यावर पंजा उमटला.

वाटेत पोपटसर भेटले. त्यांनीही ऐकलं. "आता कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"हलकं वाटतंय, सर," धनेश म्हणाला. आणि खरोखरच त्याला हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी परतला. येताना चक्क सरडा आणला होता.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"अगं, काय ऐकलं सगळ्यांनी! मुकादम तर रडले. महाराजांनी पंजा उमटवून दिला."

"मग झाड पाडणार नाहीत ना?"

धनेशाने गळ्यातली माळ सरळ केली.

"तसं कुणी बोललं नाही," तो म्हणाला. "पण ऐकलं फार छान."

आत पिल्लं सरड्यावरून भांडत होती. धनेशिणीने दोघांना वेगळं केलं. मग तिने विचारलं, "मी आत आहे, हे सांगितलंत?"

"तसं स्पष्ट नाही सांगितलं. आपली रीत..."

"आणि कुणी विचारलंही नाही? एकानेही? की बाबा रे, सगळं म्हणजे काय?"

"विचारणार कसं? तोंडात गोटा होता."

फटीतून चोच बाहेर आली. तिने धनेशाच्या गळ्यातली गुंजांची माळ पकडली आणि खसकन ओढली. लाल मणी टपटप खाली पडले.

"शेकरूकाकूंकडे जा," ती म्हणाली.

"त्यांच्याकडे? अगं, संध्याकाळपर्यंत सगळ्या जंगलात होईल!"

"अहो, तेच तर पाहिजे!"

"पण नजर..."

"झाड अंगावर पडण्यापेक्षा नजर लागलेली परवडली. जा आता!"

धनेश जांभळीवर गेला. खाली मान घालून उभा राहिला. सवयीने त्याने सुरुवात केली, "काकू, यंदा ऊन जरा..."

"ऊन राहू दे. रडलायस का तू? डोळे बघू. कुणी काही बोललं?"

"नाही. ते बेहड्याचं झाड आहे ना, त्यात माझं सगळं..."

"सगळं म्हणजे काय?"

"म्हणजे... सगळं."

"अरे, सगळं म्हणजे काय? फळं साठवलीस? घरटं आहे? कोण आहे आत?"

"ही आहे."

"ही कोण?" काकूंची शेपटी उभी राहिली. "बायको? तुझी बायको? माहेरी नाही? सोडून नाही गेली? किती महिने झाले? पोरं झाली? किती? दोन? मुलगा का मुलगी? आणि मला सांगितलं नाहीस! मी इथे दोन हातांवर राहते, मेल्या, आणि बाळंतिणीला साधा डिंक नाही की खोबरं नाही! डोहाळे कसले लागले होते? बरं ते राहू दे. मग रडतोस कशाला?"

"झाड पाडणार आहेत. परवा."

"परवा म्हणजे? तुला कधी कळलं?"

"काल."

"म्हणजे उद्या सकाळी! आणि तू परवा परवा करत हिंडतोयस? पाडणार कोण?"

"गवे."

"मुकादमाला सांगितलंस, आत बाळंतीण आहे?"

"स्पष्ट नाही..."

काकूंना पुढचं ऐकायला वेळ नव्हता. धनेशाचं वाक्य अर्धंच राहिलं. आजवर त्याचं एकही वाक्य काकूंनी पुरं होऊ दिलं नव्हतं. पण तेवढ्या वेळात त्याच्या पोटातलं सगळं बाहेर आलं होतं.

काकू जांभळीवरून आंब्यावर, आंब्यावरून ऐनावर उड्या मारत निघाल्या. प्रत्येक झाडावर थांबून ओरडल्या. आपणच उठवलेली आधीची बातमी त्यांनी अशी काही खोडून काढली, की वाटावं, ती दुसऱ्याच कुणी उठवली होती.

सूर्य कलेपर्यंत बातमी नदीपलीकडे पोचली. पोचेपर्यंत तिने बाळसंही धरलं. दोन पिल्लांची पाच झाली, पाचांची बारा झाली. ओढ्याजवळ धनेशीण आजारी होती, टेकडीजवळ शेवटच्या घटका मोजत होती. गव्यांच्या कळपात ती गेली तेव्हा तर अशी, की मुकादमाने मुद्दाम बाळंतिणीचं झाड निवडलं आहे.

मुकादमाची बायको रवंथ करत होती. तिचं रवंथ थांबलं. "अहो," ती म्हणाली, "इकडे या जरा."

मुकादमाने सवयीने गोटा तोंडात टाकला आणि मान हलवायला लागला.

"तो धोंडा आधी थुंका!"

मुकादमाने थुंकला.

पुढे काय बोलणं झालं ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाघमहाराज मंचाची जागा बघायला आले. बघतात तो बेहड्याखाली पाय ठेवायला जागा नाही. गव्यांच्या बायका बुंध्याला पाठ लावून बसल्या होत्या. साळिंदरीण डिंक घेऊन आली होती. माकडिणी नावं सुचवत होत्या, एका वेळी सात. ढोलीच्या फटीशी शेकरूकाकू उलट्या लटकून आत डोकावत होत्या. "काळजी करू नकोस गं, नाक अगदी तुझ्यावर गेलंय!" सगळ्या एकदम बोलत होत्या. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. आणि झाडाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"एकेकाने बोला!" पोपटसर ओरडले. "गोटे कुठे आहेत? नियम तीन!"

"सर, तुम्ही बाजूला व्हा," साळिंदरीण म्हणाली. "बाळंतिणीला वारा लागू दे."

महाराजांनी विचारलं, "हे काय चाललंय?" पण तोंडात गोटा असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही. पुन्हा जोरात विचारायला गेले आणि गोटा गिळला. मग झाड पाडायचा हुकूम द्यायचं राहूनच गेलं. ते पोट धरून परत गेले.

श्रवणोत्सव पुढे उघड्या माळावर झाला, मंचाशिवाय. महाराजांनी तिथे भाषण केलं. संवादकौशल्यामुळेच एक बाळंतीण वाचली, असं सांगून पोपटसरांच्या गळ्यात गुंजांची दुसरी माळ घातली. शेकरूकाकूंना कारभाऱ्याचं पत्र आलं. मध्ये मध्ये बोलण्याच्या सवयीमुळे त्यांनी वर्गात पुन्हा पहिल्यापासून बसावं. काकूंनी पत्र वाचलं, उलटून मागची बाजूही बघितली, आणि ते आणणाऱ्या कावळ्याला विचारलं, "तुझ्या थोरल्याचं जमलं का रे कुठे?"

महिन्याभराने बेहड्याला पालवी फुटली. चिखलाची भिंत फोडून धनेशीण बाहेर आली. मागून दोन पिल्लं. तिने नवे पंख झटकले आणि पहिलं वाक्य बोलली.

"अहो, मला ना आज काहीतरी..."

"काय आणू?" धनेश मध्येच म्हणाला. "गोड का आंबट? किती? पोरांना पण? आत्ता का मग?"

धनेशिणीचं वाक्य अर्धंच राहिलं. पण ती रागावली नाही. जवळ सरकून बसली.

तात्पर्य: ज्याला तुमचं खरंच ऐकायचं असतं, तो तुम्हाला धड बोलू देत नाही. म्हणून, बाळांनो, समोरचा बोलत असताना जरूर मध्ये मध्ये बोलावं. आणि शेजारच्या बाई सकाळी दारात उभ्या राहून घरातलं काही विचारू लागल्या, तर "काही नाही, सहज" म्हणून दार लावून घेऊ नये. त्यांना आत घ्यावं, चहा टाकावा आणि सगळं सांगून टाकावं. नाही सांगितलं, तरी त्या काहीतरी सांगणारच आहेत.